खान्देशातलं ऊन आणि लाईट सोसणारा एसएमपीएस कसा निवडायचा

पहिला गेमिंग पीसी बांधताना बजेट बहुतेकदा एकाच क्रमाने संपतं. आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग काचेचं कॅबिनेट आणि रंगीत पंखे, आणि शेवटी जे हजार-बाराशे उरतील त्यात एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. जळगावच्या गोलाणी मार्केटात विचारा नाहीतर धुळ्यात, "कॅबिनेटसोबत येतोच ना भाऊ, वेगळा कशाला घेता?" हे कुणीतरी म्हणतंच. हा लेख त्या वाक्याला हो म्हणण्याआधी वाचावा, म्हणून लिहितोय.

पीसीमधला एसएमपीएस हा एकच भाग असा आहे ज्याचा महावितरणच्या तारेशी थेट संबंध येतो. बाकीचे सगळे भाग तो जे बारा, पाच आणि ३.३ व्होल्ट बनवून देतो त्यावर जगतात. आणि आपल्याकडे त्याला दोन्ही बाजूंनी त्रास आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, आणि रब्बीत पंप सुरू झाले की गावात लाईट डिम होते. पुण्या-मुंबईतल्या एसी खोलीत बसून केलेले व्हिडिओ बघून यादी बनवली, तर या दोन गोष्टी त्यात नसतात. म्हणून माझा क्रम वेगळा आहे: आधी घर, मग लेबल, मग वॉट, आणि ब्रँड त्यानंतर.

पहिली पायरी: घरातली लाईट मोजा

ज्या सॉकेटवर पीसी लागणार आहे, तिथे मल्टिमीटरने तीन मापं घ्या. मीटर धरायची सवय नसेल तर वायरमनला बोलवा, पाच मिनिटांचं काम आहे. फेज ते न्यूट्रल, फेज ते अर्थ, आणि न्यूट्रल ते अर्थ. पहिली दोन मापं २३० च्या आसपास आणि एकमेकांच्या जवळ हवीत. तिसरं दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. फेज ते अर्थ माप शून्य किंवा अर्धवट काहीतरी आलं, तर तुमच्या घरात तीन पिनांचं सॉकेट आहे पण अर्थिंग नाही.

हे ओळखायची आणखी एक खूण आहे. अनवाणी पायाने फरशीवर उभं राहून कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. बरेच जण एसएमपीएस खराब म्हणून बदलून आणतात, आणि नव्यालाही मुंग्या येतात. कारण साधं आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी विजेतला कचरा गाळणारा फिल्टर असतो, आणि त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग असेल तर ती गळती गुपचूप जमिनीत जाते. नसेल तर पत्र्यावर लाईनच्या निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्ट उभे राहतात. करंट अगदी थोडा असतो, पण तोच यूएसबीमार्गे आणि एचडीएमआयमार्गे फिरतो, आणि टीव्हीला केबल लावताना ठिणगी पडते. इलाज एसएमपीएसचा नाही, अर्थिंगचा आहे.

अर्थिंगचा खड्डा असेल तरी तो उन्हाळ्यात बघा. आपली काळी माती चैत्र-वैशाखात भेगाळते, खड्डा कोरडा पडतो आणि अर्थिंग नावापुरतं राहतं. मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळाभर अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा. प्लगची तिसरी पिन कापून दोन पिनी बोर्डात घालायचा प्रकार तर अजिबात करू नका.

मापं दोन वेळा घ्या. एकदा सकाळी आणि एकदा पंप चालू असतील तेव्हा. रावेर-यावलकडे केळीच्या पट्ट्यात असाल, किंवा गहू-हरभऱ्याला पाणी चालू असताना चोपडा-शिरपूरकडे असाल, तर हे दुसरं माप महत्त्वाचं. गावठाणाचा फीडर शेतीच्या फीडरपासून वेगळा असेल तर फरक कमी पडेल. मळ्यात राहत असाल आणि घरची लाईट पंपाच्याच डीपीवर असेल, तर १८० च्या खालीही आकडा दिसू शकतो. तो लिहून ठेवा, पुढच्याच पायरीला लागेल.

दुसरी पायरी: दुकानात लेबल वाचा

एसएमपीएसच्या कुशीवर एक तक्ता छापलेला असतो. वेळ इथे घालवा, खोक्यावरच्या मोठ्या आकड्यावर नाही.

पहिली ओळ इनपुटची. तिथे १००-२४० व्होल्ट लिहिलंय की २००-२४०, हे बघा. बजेट मॉडेलांमध्ये फक्त २३० व्होल्टच्या देशांसाठी बनवलेली आवृत्ती मिळते आणि तिच्यावर २००-२४० असतं. जळगाव शहरात, धुळ्यात स्थिर लाईट असेल तर तीही चालेल. पण तुमचं पंपांच्या वेळचं माप १९० च्या आसपास आलं असेल, तर १००-२४० वालाच घ्या. लाईट डिम झाली तरी तो काम करत राहतो, वेगळा स्टॅबिलायझर लावावा लागत नाही. मागे ११५/२३० असा लाल खटका असलेला जुन्या पद्धतीचा एसएमपीएस दिसला तर तो घेऊच नका. खटका चुकून ११५ वर राहिला आणि आपली लाईट दिली की फटाका ठरलेला, आणि असा खटका असणं म्हणजेच आत ॲक्टिव्ह पीएफसी, म्हणजे लाईनमधून वीज नीट ओढायला लावणारं सर्किट, नाही याची खूण.

दुसरी गोष्ट, बारा व्होल्टची रांग. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही बारा व्होल्टवर चालतात. पाच आणि ३.३ व्होल्टचं काम आता फार थोडं उरलंय. समजा एका स्वस्त एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलंय आणि तक्त्यात बारा व्होल्टखाली १४ अँपिअर आहे. बाराला चौदाने गुणा: १६८ वॉट. गेमिंगच्या कामाचे एवढेच. उरलेला आकडा पाच आणि ३.३ व्होल्टच्या अँपिअरांनी फुगवलेला असतो, आणि ते वापरायला तुमच्या पीसीत कुणी नसतं. याउलट चांगल्या ५५० वॉटच्या एसएमपीएसवर बारा व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास दिसेल, म्हणजे ५४० वॉट. जवळजवळ सगळी ताकद बारा व्होल्टवर असणं, ही आजच्या काळातल्या नीट बनवलेल्या एसएमपीएसची ओळख आहे. १२ व्ही-१ आणि १२ व्ही-२ अशा दोन रांगा असतील तर त्यांची बेरीज करू नका, खाली दोन्हींची मिळून कमाल मर्यादा दिलेली असते ती धरा.

बीआयएसचं चिन्ह आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असेल तर तो बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघा. क्रमांक दुसऱ्याच वस्तूचा निघाला, तर खोकं परत करा.

तिसरी पायरी: वॉटचा हिशेब

हा हिशेब लोक उगाच अवघड करतात. प्रोसेसरची कमाल, कार्डाची कमाल, आणि बाकी सगळ्यासाठी साठ वॉट धरा.

रायझन ५ ५६०० जास्तीत जास्त ७६ वॉट घेतो, आरटीएक्स ४०६० कार्ड ११५. बाकीचे ६० धरून अडीचशे. कोअर आय५-१२४००एफ ११७ पर्यंत जातो आणि आरएक्स ७६०० कार्ड १६५. म्हणजे साडेतीनशेच्या आत. या दोन्हींना चांगला ५५० वॉट पुरतो, कार्ड कंपन्या स्वतः तेवढाच सुचवतात. आरटीएक्स ४०७० (२०० वॉट) किंवा ५०७० (२५० वॉट) घेणार असाल तर ६५०. पुढे कार्ड बदलायचा विचार पक्का असेल तर ७५०. गरज अडीचशेची असताना हजार वॉट घेण्यात काही अर्थ नाही. तेच पैसे चांगल्या ५५० मध्ये घाला.

एवढी मोकळी जागा का ठेवायची? कारण कार्ड एकसारखी वीज ओढत नाही. सेकंदाच्या हजाराव्या भागात ते आपल्या सरासरीच्या दुप्पटही मागून बसतं, आणि हलक्या एसएमपीएसचं संरक्षण तेवढ्यात पीसी बंद करतं. इंटेलने २०२२ मध्ये एटीएक्स ३.० हे मानक आणलं ते यासाठीच. त्यात बसणाऱ्या, नव्या सोळा पिनी कनेक्टरच्या एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांपुरती २०० टक्के मागणी झेलावी लागते. आज नवा घेताना एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेला मिळत असेल तर तोच घ्या.

चौथी पायरी: मे महिना धरून निवडा

खोलीत कूलर बंद असताना दुपारी ३८-४० अंश असतात. काचेच्या कॅबिनेटात, गेम चालू असताना, ४५ च्या पुढे. आता एसएमपीएसच्या माहितीपत्रकात बघा, तो आपले पूर्ण वॉट किती तापमानाला देतो. काहींवर ४० अंश असतं, चांगल्यांवर ५०. काही प्रामाणिक कंपन्या लिहितात की ४० पर्यंत पूर्ण आणि ५० अंशांना ८० टक्के. म्हणजे ५५० वॉटचा तुमच्या मे महिन्यात ४४० चा झाला. हे धरूनही वरचा हिशेब बसतो, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण ज्याच्यावर तापमानाचा उल्लेखच नाही, त्याचे वॉट कुठल्या थंड हवेत मोजलेत कुणास ठाऊक.

आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य दर दहा अंशांना साधारण निम्मं होतं. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर हवेत, ८५ चे नकोत. निप्पॉन केमिकॉन, रुबिकॉन, निचिकॉन ही जपानी नावं परीक्षणांत दिसली तर चांगलंच.

कॅबिनेट असं घ्या की एसएमपीएस खाली बसेल, त्याचा पंखा खालच्या जाळीतून बाहेरची हवा ओढेल, आणि जाळी बाहेर काढून धुता येईल. कॅबिनेट सरळ फरशीवर ठेवू नका, लाकडी पाटावर ठेवा. कूलरच्या थेट झोतात तर नाहीच. खसाच्या ताटीतून आलेली ओली हवा आणि धूळ मिळून आत जो लेप बसतो तो कोरड्या ब्रशने निघत नाही. शेतकऱ्याच्या घरी अजून एक गोष्ट आहे. भाव वाढेल म्हणून कापूस घरात भरून ठेवलेला असतो, आणि त्याचे तंतू जाळीवर पांढऱ्या नमद्यासारखे चिकटतात. बाहेरून पंखा फिरताना दिसतो, हवा मात्र आत जात नाही. कापूस घरात आहे तोवर जाळी दर आठवड्याला काढा.

कमी लोडवर पंखा बंद ठेवायची सोय आणि तिचा खटका असेल, तर मार्च ते जून तो खटका 'पंखा सतत चालू' वर ठेवा.

पाचवी पायरी: ब्राँझ, गोल्ड आणि नावं

८० प्लसचा ब्राँझ किंवा गोल्ड शिक्का एवढंच सांगतो की भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती आत पोचते. २३० व्होल्टवर अर्ध्या लोडला ब्राँझ ८८ टक्के, गोल्ड ९२. हे मोजमाप २३ अंशांच्या आसपास होतं, आणि संरक्षण, कपॅसिटर, पंखा यांबद्दल त्यात काही नसतं.

गोल्ड घेतल्याने बिल वाचतं म्हणतात, तर हिशेब करून टाकू. पीसी अडीचशे वॉट खातोय, रोज चार तास. ब्राँझ भिंतीतून २८४ वॉट घेईल, गोल्ड २७२. महिन्याला फरक दीड युनिट. त्यासाठी दोन-अडीच हजार जास्त देऊ नका. गोल्ड घ्यायचं खरं कारण म्हणजे तो कमी तापतो, आणि कंपन्या बहुधा त्यात चांगली बांधणी आणि सात ते दहा वर्षांची वॉरंटी देतात. बजेट बसत असेल तर आपल्या हवेत मी गोल्डच सुचवेन. नसेल बसत तर पाच वर्षं वॉरंटीचा ब्राँझ, साधारण चार हजारांच्या आसपासचा, मनात शंका न ठेवता घ्या.

कॉर्सेअर, सीसॉनिक, कूलर मास्टर, डीपकूल, अँटेक ही नावं आपल्याकडे सहज मिळतात. पण नुसतं नाव पुरत नाही, पूर्ण मॉडेल नंबर बघावा लागतो. गिगाबाइट ही मोठी कंपनी. तिच्या जीपी-पी७५०जीएम आणि जीपी-पी८५०जीएम या दोन मॉडेलांवर गोल्डचा शिक्का होता, तरी परीक्षणांत त्यांतले काही फुटले. शेवटी ऑगस्ट २०२१ मध्ये कंपनीने जास्त लोडला बंद पडण्याची मर्यादा १२०-१५० टक्क्यांवरून ११०-१२० वर आणली आणि ठराविक सिरियल नंबरांचे नग बदलून द्यायची सोय केली. म्हणून घ्यायच्या मॉडेलचं नाव सायबेनेटिक्सच्या साइटवर टाकून बघा. तिथे प्रत्यक्ष चाचणीचे अहवाल फुकट वाचायला मिळतात.

संरक्षणांच्या यादीत ओव्हीपी, यूव्हीपी, ओपीपी, एससीपी (जास्त व्होल्ट, कमी व्होल्ट, जास्त लोड आणि शॉर्ट सर्किटपासून) असतंच. ओटीपी, म्हणजे जास्त तापल्यावर बंद होण्याची सोय, स्वस्तात बरेचदा गाळलेली असते. आपण खान्देशात आहोत, ती हवीच.

सहावी पायरी: इन्व्हर्टर, यूपीएस आणि तुटलेला न्यूट्रल

लाईट गेल्यावर एसएमपीएस आतल्या साठ्यावर काही क्षण तग धरतो. चांगला साधारण १७ मिलिसेकंद. साध्या यूपीएसला बॅटरीवर यायला चार ते दहा मिलिसेकंद लागतात, म्हणून जमून जातं. घरचा इन्व्हर्टर मात्र नेहमीच्या मोडवर याहून उशिरा उठतो आणि पीसी रिस्टार्ट होतो. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असेल तर तो लावा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर ॲक्टिव्ह पीएफसीचा एसएमपीएस त्यावर कुरकुरतो किंवा बंदच पडतो, प्युअर साइन वेव्ह हवा. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे जेमतेम ३६० वॉट. मॉनिटर धरून साडेतीनशेचा पीसी त्यावर गेममध्ये शिट्टी मारून बंद होईल. हजार व्हीएच्या पुढचा घ्या, आणि तो गेम सेव्ह करून पीसी नीट बंद करण्यापुरता आहे असं धरून चला.

सगळ्यात मोठं नुकसान होतं ते डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल तुटल्यावर. २३० च्या जागी घरात ३०० ते ४०० व्होल्ट येतात, आणि गल्लीतले टीव्ही, फ्रीज, चार्जर एकदम जातात. ते एसएमपीएसही सोसत नाही आणि एमसीबीही थांबवत नाही. मीटरच्या पुढे ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, सगळ्या घराला उपयोगी आहे. वळवाच्या पावसात ढग गडगडायला लागले की मात्र प्लग काढणं हाच उपाय, आणि ब्रॉडबँडची तांब्याची तार येत असेल तर तीही.

सातवी पायरी: विकत घेताना

जीएसटी बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. थर्मल कागदाचं बिल आपल्या उन्हात वर्षभरात कोरं होतं, त्याच दिवशी फोटो काढा. वॉरंटी दुकान देणार की कंपनी, आणि नग जमा करायला कुठं जावं लागेल, जळगावला, नाशिकला की मुंबईला, हे पैसे देण्याआधी विचारा. लॅमिंग्टन रोडवर पाचशे रुपये स्वस्त मिळाला आणि दोन वर्षांनी तो घेऊन पुन्हा मुंबई गाठायची, यात फायदा नाही. जुना वापरलेला एसएमपीएस मित्राकडून फुकट मिळाला तरी गेमिंग पीसीला लावू नका. कपॅसिटरनी किती उन्हाळे काढलेत ते बाहेरून कळत नाही.

मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-लावता येणारा, की साधा, हा सोयीचा प्रश्न आहे, पैसे कमी असतील तर साधाच घ्या. फक्त एक पक्कं लक्षात ठेवा: एका एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल दुसऱ्याला लावायच्या नाहीत, ब्रँड तोच असला तरी. कनेक्टर बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असतो आणि हार्ड डिस्क, एसएसडी जळतात.

आठवी पायरी: बसवणं आणि पहिली संध्याकाळ

प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग हात घाला. चोवीस पिनी मदरबोर्डला, चार-अधिक-चार प्रोसेसरला, सहा-अधिक-दोन कार्डाला. आठ पिनी कनेक्टरची मर्यादा १५० वॉट आहे; कार्डाला दोन लागत असतील तर दोन वेगळ्या केबल ओढा. मोलेक्स, म्हणजे जुन्या चार पिनी कनेक्टरवरून आठ पिनी करणारे जोड वापरू नका. सोळा पिनी कनेक्टर असेल तर तो खट्ट आवाज येईपर्यंत दाबा आणि फट राहिली नाही ना ते टॉर्चने बघा. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० ची कनेक्टरं वितळली, तेव्हा अर्धवट बसलेला कनेक्टर हे एनव्हिडियाने दिलेलं मुख्य कारण होतं.

मग जड गेम तासभर चालवा, शक्यतो दुपारच्या वेळी. मल्टिमीटर असेल तर मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या तारेवर ११.४ ते १२.६ मध्ये माप यायला हवं. निळा पडदा न येता पीसी एकदम बंद होऊन परत सुरू झाला, तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल. त्याचा अर्थ इतकाच की पीसी नीट बंद न होता परत सुरू झाला. दोषी कोण, ते तो सांगत नाही. आधी त्या वेळी घरातले व्होल्ट किती होते ते बघा, मग कनेक्टर काढून परत बसवा, मग पीसी दुसऱ्या घरात नेऊन चालवा. तिथेही तेच झालं तर बिल आणि सिरियल नंबर घेऊन कंपनीकडे तक्रार नोंदवा. दरम्यान कुणी "खोलून बघतो, काही नही होत भो" म्हणालं तर हातात देऊ नका. आतला मोठा कपॅसिटर प्लग काढल्यावरही काही वेळ ३०० च्या वर व्होल्ट धरून असतो, आणि सील तुटलं की वॉरंटीही गेली.